मैदानाकडे पाठ करून

४ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाई गोल्फची रेंज सोडणार! जेवता जेवता सांगितलं, जसं काही उद्या पाणी येणार नाही असं सांगताहेत. मार्चअखेरपर्यंत शिकवणार, मग नाही.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे काय, आई?"

"म्हणजे पुरे झालं. तो जग इकडे सरकव."

गोल्फ शिकवण्यात ज्या बाईचं आयुष्य गेलं, जिच्यामुळे त्या सरावाच्या रेंजवर लांबलांबून माणसं येतात, तिचं रिटायर होणं असं पाण्याच्या जगाबरोबर उरकलं. मी आमटी वाढून घेतली. पण माझा चेहरा म्हणजे उघडी खिडकी, त्यात काय दिसलं असेल ते दिसलं असणार. कारण हात धुताना म्हणाल्या, "तुझा स्विंग चांगला आहे गं. नजर कशी आहे ते बघायचंय अजून."

आणि वर हेही, की पलीकडच्या रेंजवरचे उंच मास्तर महिनाभर येऊन बसणार आहेत. ज्याची नजर खरी त्याचा वर्ग. सून म्हणून सूट नाही!

मला तो वर्ग हवा आहे. इथे तरी स्पष्ट लिहून टाकते. गुडघ्याने दगा दिला आणि स्पर्धा सुटल्या, तेव्हा सासूबाईंनी मला हाताखाली घेतलं. त्या सांगतात, मी मारून दाखवते. तेवढ्यावर मी आयुष्य काढणार नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज दाताचे डॉक्टर आले. बॉलच्या डोक्यावर मारतात, बॉल उंदरासारखा जमिनीवरून पळत सुटतो. आल्या आल्या स्वतःचं निदान स्वतःच केलं— "माझं डोकं वर येतं. बायको पण तेच म्हणते." रेंजवर प्रत्येकाला हेच वाटतं. प्रत्येकाची बायको, मेहुणा, शेजारी, सगळे हेच सांगतात. डोकं खाली ठेव!

सासूबाईंची उभं राहायची रीत कितीदा बघितली तरी मला मजा वाटते. त्या शिकणाऱ्याच्या समोर उभ्या राहतात, मैदानाकडे पाठ करून. बॉल कुठे गेला ते बघतच नाहीत. नवीन माणसं गडबडतात— अहो, तिकडे बघा ना, किती वाकडा गेला! त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तिकडे बघायला तुम्ही आहात की. मी पण तिकडे बघितलं तर तुमच्याकडे कोण बघणार?" आणि बॉलची पहिली बादली संपेपर्यंत अवाक्षर काढत नाहीत. लोकांना घाम फुटतो.

बादली संपली. सासूबाईंनी विचारलं, "डॉक्टर, दिवसभर पेशंटवर वाकून काम करता, तेव्हा पोट खुर्चीला टेकवता का हो?"

डॉक्टर म्हणाले, टेकवतो, नाहीतर पाठ धरते.

"इथेही टेकवताय. मारताना कंबर बॉलकडे ढकलता. कंबर पुढे आली की अंग उंच होतं, मग बॉलपर्यंत हात पुरणार कसे? डोकं बिचारं जागेवर आहे."

मग एक प्लास्टिकची खुर्ची आणून त्यांच्या मागे ठेवली. स्टिक मागे नेताना, मारताना, मारून झाल्यावरसुद्धा पार्श्वभाग खुर्चीला लागलेला राहिला पाहिजे. बाकी काही बदलायचं नाही. डॉक्टरांचे पहिले काही बॉल वाया गेले आणि मग एक असा उडाला, की ते स्वतःच स्टिक हातात धरून बघत राहिले. मी तर तोंडात बोटच घातलं. मलाही वाटलं होतं डोकंच वर येतंय!

९ फेब्रुवारी, सोमवार

उंच मास्तर हजर. माणूस वाईट नाही. फोन तिकाटण्यावर लावतात, स्विंगचा व्हिडिओ घेतात, मग थांबवून त्यावर लाल-पिवळ्या रेघा ओढतात. लोकांना फार आवडतं. मलाही आवडलं. सासूबाईंनी स्वतःहून चष्मा लावून बघितलं आणि "छान दिसतंय हो" म्हणाल्या. टोमणा नव्हता, मनापासून म्हणाल्या.

नवरा घरी विचारतो, "कोण पुढे आहे?" याचं चष्म्याचं दुकान. त्याला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण शर्यत कळते. म्हणे, "दोन्ही बाजूंना नजर कमी पडली तर माझ्याकडे पाठवा."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाईंनी मला माझं माणूस दिलं. "ही तुझी. मी मध्ये बोलणार नाही."

ही म्हणजे केकवाली. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं दुकान, लग्नाचे तीन-तीन मजली केक करते. हात लाकडासारखे घट्ट, आवाज त्याहून. येताच सांगून टाकलं, "ताई, मार्चमध्ये महिला करंडक आहे. दरवर्षी माझी नणंद मला शेवटच्या होलवर हरवते आणि मग वर्षभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात त्याची गोष्ट सांगते. मला तिला हरवायचंय. बाकी मला तुमचं गोल्फबिल्फ काही नको."

अशी विद्यार्थीण मिळायला भाग्य लागतं! मी खूश.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

केकवालीचा स्विंग— देवा! दोन्ही हात स्टिकवर इतके उजवीकडे वळवलेले, की डाव्या हाताची सगळी बोटं वरून मोजता येतील. अशा ग्रिपने बॉल डावीकडे वळत वळत कुंपणापार जायला हवा. आणि मारून झाल्यावर मनगटं वळतच नाहीत, हात असे ताठ पुढे राहतात, जणू ट्रे धरलाय. बॉल मात्र सरळ. फार लांब नाही, पण सरळ.

पहिली बादली अर्धी झाली होती. उंच मास्तर शेजारी येऊन उभे. फोनवर तिच्या हातांचा फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला— "ही ग्रिप बघितलीत?" बघितली होती की! त्यांच्या आधी बघितली होती. मग तोंड गप्प राहीना. मी तिचे हात सोडवले, डावीकडे फिरवून नीट बसवले, पुस्तकात दाखवतात तसे. सुंदर दिसत होती ग्रिप. मास्तरांनी मान डोलावली. मी हवेत.

सासूबाई लांब, बादल्या रचत होत्या. इकडे एकदा बघितलं आणि पुढची बादली उचलली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

उजवीकडे. सगळे उजवीकडे. केकवालीचा एक बॉल शेजारच्या मॅटवरच्या माणसाच्या पुढून गेला, तो माणूस चहा प्यायला निघून गेला.

सवय व्हायला वेळ लागतो, असं तिला सांगितलं. स्वतःलाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अजून उजवीकडे. तिला सांगितलं, खांदे उघडू नका. मग सांगितलं, उजवं कोपर अंगाला चिकटवा. मग, मनगटं वळवा. मनगटं वळवा म्हटल्यावर तिने ती अशी वळवली, की बॉल डावीकडे गटारात. आता दोन्ही दिशा खुल्या!

घरी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही घ्या तिला. माझ्याकडून नाही होत."

"बिघडवलं कुणी?"

"मी."

"मग?"

झालं. 

जरा वेळाने त्यांनीच विचारलं, "तू तिला बघितलंस का नीट?" म्हटलं, दोन तास तिच्याकडेच तर बघते आहे! तर म्हणाल्या, "तू तिची ग्रिप बघते आहेस."

मला राग आला. नेहमीसारखं नुसतं मोघम बोलायचं! सरळ सांगितलं तर काय बिघडेल? ताटं जरा आपटलीच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

केकवाली आज स्टिक खाली टाकून मॅटवरच बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी वेडंवाकडं मारत होते हे मलाही माहीत होतं. पण बॉल सरळ जायचा हो! आता मी सरळ मारते आणि बॉल वेडावाकडा जातो. नणंदेला आत्ताच फोन करून टाकते, कप घेऊन जा म्हणून."

करंडकातून नाव काढते म्हणाली. मी हातापाया पडून थोडे दिवस मागून घेतले. उंच मास्तरांसमोर.

मला वर्ग मिळणार नाही, ते एक वेळ चालेल. पण या बाईजवळ एक गोष्ट होती, ती मी काढून घेतली. त्याने आज जेवण गेलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज तिच्या दुकानात गेले. माफी मागायला म्हणून गेले होते, कुठलीही हुशारी डोक्यात नव्हती.

ती मोठ्या केकवर आयसिंगच्या पिशवीने वेलबुट्टी काढत होती. "बसा, हे अर्ध्यात सोडता येत नाही." मी स्टुलावर बसले. दुसरं करायला काही नव्हतं, म्हणून बघत राहिले. तिने पिशवी धरलेली— दोन्ही हात उजवीकडे वळवलेले. तीच ग्रिप! आणि मनगट? मनगट जरासुद्धा हलत नाही. हललं तर रेघ थरथरते. वेल पुढे न्यायची ती अख्ख्या अंगाने, कंबर आणि खांदे एकत्र फिरवून. सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत हेच काम, इतकी वर्षं.

मी स्टुलावरून उठलेच. त्या ग्रिपने बॉल डावीकडे जायला हवा, पण न वळणारं मनगट त्याला धरून ठेवतं. दोन चुका एकमेकींना टेकून उभ्या आहेत! मी त्यातली एक काढून घेतली, दुसरी कोसळणारच होती. आणि जी मनगटं वळवायला मी तिच्या मागे लागले होते, ती न वळण्यावर तर या बाईचं पोट चालतं.

"काय झालं?" ती म्हणाली. "रंग आवडला नाही का?"

म्हटलं, उद्या या. फक्त उद्या या.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पहिल्यांदाच मैदानाकडे पाठ करून उभी राहिले. अवघड जातं हो! मान आपोआप वळते. कुणी बॉल मारला आणि तो कुठे गेला हे बघायचं नाही, म्हणजे आलेली शिंक अडवून धरण्यासारखं.

केकवालीला म्हटलं, "पिशवी धरता तशी स्टिक धरा. मनगटाचं मी काय काय सांगितलं ते सगळं विसरा. वेल काढता तसं अंग फिरवा."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. मग मारलं. मी बॉल बघितला नाही, तिचा चेहरा बघितला. सरळ गेला होता.

बादली संपेपर्यंत मी गप्प. मग एकच गोष्ट बदलली. दुकानात ती केकसमोर पाय समांतर ठेवून उभी असते, इथे मात्र भीतीने दोन्ही पाय डावीकडे वळवून उभी राहते. माझ्याच शिकवणीतली भीती ती, बॉल उजवीकडे जायचा म्हणून. पाय सरळ करून घेतले. एवढंच. दुसऱ्या बादलीनंतर ती हसायला लागली आणि नणंदेचं नाव घेऊन बॉल मारायला लागली. प्रत्येक बॉलला एक नाव, नाव तेच!

१ मार्च, रविवार

सासूबाई बाल्कनीत बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, "आई, तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं ना? दोन चुकांचं?"

"हो."

"मग मला अडवलं का नाहीत? बिचारी रडायची बाकी राहिली होती!"

"अडवलं असतं तर पुढच्या वेळेला तू माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस. तिच्याकडे नाही." मग म्हणाल्या, "आणि करंडकाला वेळ होता. नसता, तर बोलले असते. एवढी काही मी दुष्ट नाही."

रागावू की पाया पडू, समजेना. पाया पडले नाही, हसले. त्याही हसल्या. किती माणसं या बाईने अशी नीट केली असतील आणि किती जणांना नीट न करता सोडून दिलं असेल, जशी आहेत तशी! सोडून देणं किती अवघड असतं ते मला आत्ता कळतंय. मला तर वाकडं दिसलं की हात शिवशिवतात. त्यांचेही शिवशिवत असतील, पण त्या ते पाठीमागे बांधून उभ्या राहतात. ही बाई माझी सासू आहे याचं आज फार बरं वाटलं. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "हे तिला सांग ना." मी काय वेडी आहे?

४ मार्च, बुधवार

उंच मास्तरांनी विचारलं, ती भयंकर ग्रिप परत का बसवली? दुकानातली सगळी हकिकत सांगितली. ऐकून घेतली. मग तिकाटणं आवरून म्हणाले, "बाई, माझ्या रेंजवर या कधी, मला शिकवायला." पुन्हा सांगते, माणूस वाईट नाही.

१५ मार्च, रविवार

जिंकली!! शेवटच्या होलवर, एका फटक्याने! नणंद बघतच राहिली. मग दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, ते मात्र कुणाला अपेक्षित नव्हतं.

मधल्या एका होलवर मला धडकी भरली. नणंद मुद्दाम जवळ उभी राहून हातमोजा ओढत होती आणि केकवालीचे पाय पुन्हा डावीकडे वळायला लागले. सामना चालू असताना आम्हाला सांगता येत नाही.  ती थांबली, मागे सरली, जमिनीकडे बघून स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि पाय सरळ करून पुन्हा उभी राहिली. तिची चूक तिनेच पकडली! नंतर विचारलं काय पुटपुटली, तर म्हणे, "ऑर्डर उद्याची आहे, घाई नाही."

सगळे बॉलच्या मागे माना वळवत होते. दोरीपाशी फक्त आम्ही दोघीच उलट्या उभ्या होतो, सासूबाई आणि मी. लोकांना वाटलं असेल या बायकांचं भांडण झालंय. एकदा आमची नजरानजर झाली. त्यांनी पाण्याची बाटली उघडून आधी माझ्यापुढे धरली.

वर्गाबद्दल मात्र अजून चकार शब्द नाही. विचारणार नाही मी. मरण आलं तरी विचारणार नाही.

१७ मार्च, मंगळवार

वर्ग सुटल्यावर सासूबाई स्वतः मॅटवर उभ्या राहिल्या. "सात नंबरची स्टिक दे. आणि बघ."

मारून दाखवायचं काम माझं, त्यामुळे त्यांच्या हातात स्टिक बघून वर्ष झालं असेल. मी मैदानाकडे पाठ केली. बादली संपेपर्यंत गप्प राहिले.

पाय बरोबर. खांदे बरोबर. डावा हात मात्र नाही. तो उशिरा येतो, आणि बॉलला लागायच्या आधीच करंगळीकडची बोटं उघडतात. स्टिक खाली ठेवल्यावरही तो हात थरथरायचा थांबला नाही.

"काय दिसलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. "आई, ही स्विंगची चूक नाही."

"नाही ना?" त्या म्हणाल्या. "इस्पितळातले डॉक्टर पण तेच म्हणाले. डिसेंबरात."

मग उजव्या हाताने रेंजच्या किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या. "वर्ग तुझा. आता घरी चल. तुझ्या नवऱ्याला अजून सांगायचंय. तू माझ्या शेजारी बस."